माझ्या नावाशी अडलेला उतारा

परवा तुझा तेरावा उरकला. पाहुणे आपापल्या गाड्या जुंपून गेले, मागून आणलेली भांडी ज्याची त्याला परत गेली, आणि आज शाळेला सुट्टी म्हणून मी पडवीत एकटाच बसलो आहे. कुसुमला तिची आत्या मळ्यात घेऊन गेली आहे. तुझ्याशी बोलायचे तर आत्ताच, पण सुरुवात कशी करू? चार माणसांत मी तुला कधी नावाने हाक मारली नाही. आधी नुसते 'अगं', मग 'ऐकलंस का', आणि लेक झाल्यावर 'कुसुमची आई'. तू तर 'अवं'च्या पुढे कधी गेलीच नाहीस. एका घरात राहिलो, एका ताटात जेवलोही कधीमधी, पण एकमेकांना नाव असते हे आपल्या गावीही नव्हते. आता ऐकायला कुणी नाही म्हणून म्हणतो. चंद्रा, बस जरा. आपले ते भांडण अर्धे राहिले आहे.

लोकांच्या घरात पाटलीवरून, मानपानावरून वाजते. आपल्या घरात वाजायचे ते एका परीक्षेवरून, तीही होऊन गेलेल्या. शेजारची पारूकाकी म्हणायची, 'ह्यांचं भांडान बी साळंतलंच.' ती हसायची, आपणही हसायचो, आणि हसून झाल्यावर तू पुन्हा गप्प व्हायचीस. त्या गप्प बसण्याचा मला राग यायचा. आजही येतो आहे, आणि आता तर त्याला उत्तर देणारे कुणी नाही.

आपले लग्न सरकारच्या धाकाने झाले. लहान मुलीचे लग्न करणाऱ्याला तुरुंगात घालणार, असा कायदा येतो आहे म्हटल्यावर ज्याच्या घरी म्हणून पोर होती त्याने तिला घाईघाईने बोहल्यावर उभी केली. त्या माघ-फाल्गुनात इंदापूर तालुक्यातल्या भटजींना जेवायला सवड नव्हती. तू लासुर्ण्याची, दहा वर्षांची. मी शेळगावचा, बारामतीच्या हायस्कुलात इंग्रजी दुसरीत. अंतरपाट धरला तेव्हा तू पलीकडे मामाच्या खांद्यावर झोपली होतीस हे मला फार नंतर कळले. वरात घरी आली तेव्हा माझ्या बहिणीने दार अडवले, तुझ्या आईने कानात सांगितले, आणि तू डोळे चोळत उखाणा म्हटलास:

पाटाला आलं पाणी, भिजलं वावर,
केशवरावांचं नाव घेते, दार सोडा लवकर.

तेवढे एकदाच तुझ्या तोंडून माझे नाव निघाले. मग तू परत माहेरी गेलीस, शाळेत, आणि मी परत बारामतीला आत्याकडे. लग्नाचा तसा काही उपद्रव झाला नाही म्हणायचा.

तुझ्या शाळेचे मास्तर हा एक वेडा माणूस. वरच्या वर्गात गळ्यात मंगळसूत्र घातलेली तू एकटीच, बाकी सगळी पोरे. दुसऱ्या कुणी अशा मुलीला शेवटच्या ओळीत बसवून मोकळे केले असते. मास्तरांनी तुला हायस्कुलाच्या स्कॉलरशिपला बसवायचे ठरवले. सबंध तालुक्यातून एकाला मिळायची ती. मिळाली तर बारामतीच्या हायस्कुलाची फी आणि राहण्या-जेवणाचा खर्च सरकारचा, आणि नाही मिळाली तर शाळा तिथेच संपली, कारण तुला पुढे शिकवायला पदरचे कुणी घालणार नव्हते. तुझे वडील म्हणाले, 'मास्तर, ती आता आमची न्हाय. तिच्या सासऱ्यास्नी इचारा.' म्हणून मास्तर उन्हाचे चालत शेळगावला आले.

आबांनी त्यांना घोंगडी टाकून बसवले, गूळपाणी दिले, आणि सगळे ऐकून घेऊन म्हणाले, 'बसू द्या की. सून तालुक्यात पैली आली तर आमचं बी नाव हुईल. बारामतीला माझी भन हाय, तिच्याकडं राहील. पर मास्तर, एक सांगून ठिवतो. घरची रीत मोडली असं माझ्या कानावर आलं, त्या दिशी साळा बंद.' मास्तर म्हणाले, 'रीत कशाला मोडेल, आबा? गणितच तर करायचंय.' त्या बिचाऱ्याला काय ठाऊक.

परीक्षा इंदापूरच्या मराठी शाळेत होती. पहिल्या दिवशी लेखी झाली. गणिताचा पेपर पोरे बोटे मोजत सोडवत होती आणि तू आधीच दौत-टाक आवरून बसली होतीस, असे मास्तर सगळ्यांना सांगत होते. दुसऱ्या दिवशी वाचन. मला सुट्टी होती म्हणून आबांनी गाडीत मलाही घेतले. खरे सांगतो, मला स्कॉलरशिपची फिकीर नव्हती. लग्नानंतर तुला पुन्हा पाहिले नव्हते, आणि बायको दिसते कशी एवढेच मला बघायचे होते. शिवाय थोडी धास्तीही होती, कारण तू पास झालीस तर बारामतीला माझ्याच शाळेत येणार आणि वर्गातली पोरे मला जगू देणार नव्हती.

शाळेच्या ओट्यावर, खिडकीखाली, आम्ही चौघे बसलो: आबा, तुझे वडील, मास्तर आणि मी. आत टेबलाशी पुण्याहून आलेले साहेब, समोर त्यांचे खिशातले घड्याळ उघडून ठेवलेले. सगळ्या मुलांना उतारा एकच, वेळही एकच. मुलांना पलीकडच्या खोलीत बसवले होते, म्हणजे आधीच्याचे वाचन नंतरच्याला ऐकू जायला नको. एकेकाचे नाव पुकारायचे, त्याने उभे राहून वाचायचे, पुरे झाले की साहेब 'बस' म्हणायचे आणि मुलाने कडेच्या बाकावर जाऊन बसायचे.

पहिला मुलगा उभा राहिला आणि त्याने खणखणीत सुरुवात केली, 'एका गावात केशव नावाचा एक मुलगा होता.'

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मी माझ्या पायाकडे पाहिले. तो उतारा पुढे तुला जन्मभर पाठ राहिला, आता मलाही आहे. केशवला वाटेत एक पिशवी सापडते. केशव ती उघडून पाहत नाही. केशव थेट मामलेदार कचेरीत जातो. मामलेदार विचारतात, 'मुला, तुझे नाव काय?' तो म्हणतो, 'माझे नाव केशव.' मग मामलेदार त्याची पाठ थोपटतात आणि भर कचेरीत त्याला बक्षीस देतात. मुलांमागून मुले येत होती आणि प्रत्येकजण माझे नाव ओरडून घेत होता. मास्तर दोनदा उठले आणि दोनदा बसले. तुला जाऊन सांगणार तरी काय होते?

मग तुझे नाव पुकारले. हिरवे लुगडे सावरत तू आलीस, पुस्तक हातात घेतलेस, आणि मला खिडकीतून दिसले की तू आधी सबंध पानावरून एकदा नजर फिरवलीस. मग म्हणालीस, 'एका गावात एक मुलगा होता.'

काय वाचलेस तू, चंद्रा. कुठे अडखळणे नाही, कुठे श्वास चुकणे नाही. 'त्याला वाटेत एक पिशवी सापडली. त्याने ती उघडून पाहिली नाही. तो मुलगा थेट मामलेदार कचेरीत गेला.' छापलेली वाक्ये तू जिभेवर वळवून घेत होतीस आणि ज्याने मूळ उतारा ऐकला नसेल त्याला त्यात काही उणे आहे असे वाटले नसते. आबा तुझ्या वडिलांना म्हणाले, 'बरं वाचती की पोरगी.' मास्तर डोळे मिटून बसले होते. साहेबांची पेन्सिल मात्र प्रत्येक वाक्याला खाली येत होती.

आणि मग मामलेदारांनी विचारले, तुझे नाव काय. तू वाचलेस, 'तो म्हणाला, माझे नाव', आणि थांबलीस. तिथून वळायला वाट नव्हती. साहेब म्हणाले, 'हं, पुढे.' तू पुन्हा वाचलेस, 'तो म्हणाला, माझे नाव.' साहेब म्हणाले, 'वाच बाळ, सोपा शब्द आहे.' तू तिसऱ्यांदा तेच म्हटलेस आणि पुस्तकाकडे बघत उभी राहिलीस. तुझे कान लाल झालेले मला खिडकीतून दिसत होते. साहेबांनी घड्याळ मिटले आणि म्हणाले, 'वेळ झाली. जा.' तुला ते 'बस' म्हणाले नाहीत.

मास्तर आत धावले. हात जोडून म्हणाले, 'साहेब, लग्न झालेली पोर आहे. ते तिच्या नवऱ्याचं नाव आहे. दुसरा उतारा देऊन बघा, फक्त पाचच मिनिटं.' साहेब काही राक्षस नव्हते. ते म्हणाले, 'मास्तर, मला कळत नाही का? आमच्या घरी काय वेगळं आहे? पण एका मुलीला उतारा बदलून दिला तर बाकीच्यांच्या आईबापांना मी काय सांगू? नियम सगळ्यांना सारखा.'

स्कॉलरशिप इंदापूरच्या वकिलांच्या मुलाला मिळाली. पोरगा हुशारच होता, त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. मास्तरांनी पुढे कुठून तरी काढले की गणितात तू त्याच्या वर होतीस आणि वाचनात तुला जवळजवळ काहीच दिले नव्हते. तुझे दप्तर लासुर्ण्याच्या घरात खुंटीला लागले. ते कुणी काढले, त्याचे काय झाले, तू कधी सांगितले नाहीस. न्हाण आल्यावर तू शेळगावला नांदायला आलीस. मी तोवर काठावर काठावर पास होत, एकदा गटांगळी खात, आबांच्या वांग्या-मेथीच्या जिवावर मॅट्रिकला पोचलो आणि नंतर मास्तर झालो. देवाच्या घरचा कारभार म्हणतात तो हा असावा.

आपले भांडण सुरू झाले ते मी मास्तर झाल्यावर. माझ्याच शाळेतून मी पोरे स्कॉलरशिपला पाठवू लागलो, आणि साहेबांचे म्हणणे मला पटू लागले. बाजारच्या मेथीच्या जुड्या बांधता बांधता मी तुला म्हणालो होतो, सगळ्यांना एकच उतारा, एकच घड्याळ, यापेक्षा न्याय आणखी काय करायचा माणसाने? उद्या प्रत्येकाला त्याच्या सोयीचा उतारा दिला तर ती परीक्षा कसली?

तू जुडी आवळत म्हणालीस, 'सारखा कसा? वकिलाच्या घरात कुणाचं नाव हुतं त्यात?'

'अगं पण एक शब्द होता. म्हणून टाकायचा.'

'तुमाला काय जातंय म्हणाया. आबा भाईर बसलं हुतं. नाव घेतलं असतं तर तितनंच गाडीत घातलं असतं मला.'

'आबा असं काही करणार नाहीत. आपले आबा आहेत ते. ओरडले असते चार दिवस.'

'तुमचं आबा हायती,' तू म्हणालीस, 'माझं सासरं.'

पुढे मी वकिली केली. 'उखाण्यात घेतलंसच की. तेव्हा नाही काही झालं ते?' त्यावर तू दिलेले उत्तर मी अजून चघळतो आहे. तू म्हणालीस, 'तवा समद्यांनी घे म्हणलं हुतं. घे म्हणलं की बाई नाव घेती. सायेब वाच म्हणलं, घे कुठं म्हणलं?'

एकदा मात्र मी इरेला पेटलो. घरात कुणी नव्हते, तू ताट वाढत होतीस. म्हटले, आता ऐकायला कुणी नाही, आबा नाहीत, साहेब नाहीत. एकदाच म्हण, केशव. बघ आभाळ कोसळतंय का. तू भाकरी ताटात ठेवलीस, मिठाची चिमूट वाढलीस आणि म्हणालीस, 'आता काय मिळणार हाय?' मी भाकरी मोडली.

दर वर्षी पोरांना परीक्षेला न्यायच्या आदल्या दिवशी तू मला विचारायचीस, 'त्यात लगीन झाल्याली पोरगी हाय का?' मी 'नाही' म्हणायचो. तू म्हणायचीस, 'मग जावा बिनघोर.' आणि दशम्या बांधून द्यायचीस, माझ्या एकट्याच्या नव्हे, सगळ्या पोरांच्या. आळीतल्या सुना दुपारी भांडी घासायला ओढ्यावर जमत तेव्हा तू राखेत बोटाने अक्षरे काढून त्यांना शिकवायचीस, हे मला पारूकाकीने आता, तू गेल्यावर सांगितले. तिला स्वतःला तिच्या गेलेल्या धन्याचे नाव लिहिता येते. तोंडाने घेत नाही, पण लिहिते. मला तू हे कधी का सांगितले नाहीस? मी मास्तर म्हणून त्यातही चूक काढीन असे वाटले का? काढली असती बहुतेक.

पाटाच्या पाण्याने आपल्या गावाला मळे दिले आणि त्याच पाण्याने डास दिले. यंदा घरटी एकजण तरी हिवतापाने कुडकुडत होता. तुला ताप आला तेव्हा आम्ही त्याला रोजच्यातलाच धरला. तूही धरलास. थंडी भरली की गोधडी घ्यायची, घाम आला की उठून भाकरी थापायच्या, असे तुझे चालले होते. इंदापूरच्या दवाखान्यात गाडी नेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, ताप मेंदूत चढला आहे, कोयनेलच्या गोळ्या द्या, पण फार आशा धरू नका. परत येताना गाडी त्या शाळेवरून आली. तुझे डोके माझ्या मांडीवर होते. तुला शाळा दिसली की नाही, मी सांगू शकत नाही.

आता तुला एक सांगायचे आहे आणि म्हणूनच हे सगळे मांडले. तेराव्याला पाहुणे गेल्यावर आबा ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. मी जाऊन शेजारी बसलो आणि विचारले, 'आबा, त्या दिवशी परीक्षेत तिनं माझं नाव घेतलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?'

मला वाटले ते विसरले असतील. ते विसरले नव्हते. म्हणाले, 'तितनंच गाडीत घालून आणली असती.'

 तंबाखू मळता मळता तेच पुढे म्हणाले, 'पैल्या पोरानं वाचलं तवाच मला कळलं, तुझं नाव हाय त्यात. म्हणलं, बघू आता सून काय करती. तिनं घेतलं न्हाय. माझी छाती हितवर आली हुती.' आणि त्यांनी छातीवर हात ठेवला तो तसाच राहिला. तंबाखू खाली सांडली. मग हे आपले आबा, ज्यांना मी कधी रडताना पाहिले नव्हते, उपरण्यात तोंड घालून म्हणाले, 'लई गुणाची हुती रं. म्या तिला काय दिलं?'

म्हणजे त्या दिवशी तू दोन परीक्षांना उभी होतीस. एका परीक्षेत आत साहेब घड्याळ लावून बसले होते, दुसरीत बाहेर आबा. एकीत पास व्हायचे तर दुसरीत नापास व्हावेच लागणार होते. बारा-तेरा वर्षांच्या पोरीने पानावर एकदा नजर फिरवून हे ओळखले, आणि मी मास्तर असून इतकी वर्षे तुझ्याशी वाद घालत होतो. तुझे बरोबर होते, चंद्रा. हे मी तुला चुलीपाशी म्हणायला हवे होते. आबांच्या परीक्षेत तू पहिली आलीस, आणि तिचे बक्षीस म्हणून तुला आमच्या घरची चूल मिळाली.

तुझी शेवटची दुपार फक्त मला ठाऊक आहे, आणि ती तुलाही सांगायला हवी, कारण तू शुद्धीत नव्हतीस.

आबा मळ्यात गेले होते, कुसुम पारूकाकीकडे. तू एकाएकी डोळे उघडलेस आणि उठायला धडपडू लागलीस. मी निजवायला गेलो तर माझा हात झिडकारलास. म्हणालीस, 'सायेब, माझं नाव पुकारलं न्हवं?' तेव्हा मला कळले तू कुठे आहेस. मी 'हो' म्हटले. तुला खांद्याला धरून उभी केली. अंगाचा निखारा झाला होता. भिंतीला टेकून तू दोन्ही हात पुढे धरलेस, त्यात पुस्तक असावे तसे, आणि वाचू लागलीस. आवाज बारीक, पण अडखळणे नाही. 'एका गावात एक मुलगा होता. त्याला वाटेत एक पिशवी सापडली.' तापातही तू मला चुकवून वाचत होतीस. एकेक वाक्य तसेच वळवलेले, जसे त्या दिवशी खिडकीतून ऐकले होते. मी तुला धरून उभा होतो आणि पुढे काय येणार ते मला माहीत होते.

'तो म्हणाला, माझे नाव', आणि तू थांबलीस.

पुन्हा म्हणालीस, 'माझे नाव.'  तू खिडकीकडे पाहिलेस, बाहेर कुणी बसले आहे का ते बघितल्यासारखे.

मी म्हणालो, 'केशव.'

तू माझ्याकडे पाहिले नाहीस. साहेबांनी शब्द सांगितला की मुले मान हलवतात तशी मान हलवलीस आणि पुढे गेलीस. 'मामलेदारांनी त्याची पाठ थोपटली आणि भर कचेरीत त्याला बक्षीस दिले.' एवढे वाचून तू हात मिटलेस, पुस्तक मिटावे तसे. मग तशीच उभी राहिलीस. मी निजवू लागलो तर पाय रोवून उभीच. तू कशाची वाट बघते आहेस हे मला चटकन उमजेना.

'सायेब,' तू म्हणालीस, 'पुरा झाला. बसू?'

मी म्हणालो, 'बस.'

आणि तू बसलीस.